आईच्या भरीच्या ओळी

माझ्या आईला थोडक्यात बोलता येत नसे. दूध नासलं एवढंच सांगायचं असलं, तरी ते कुठल्या पातेल्यात होतं, ते पातेलं कोणी दिलं, देणारीचं माहेर कसं होतं आणि त्या माहेरच्या माणसांना दूध तापवायचं भान कसं नव्हतं, असा सगळा फेरफटका मारून मग ती नासण्यापाशी यायची. तोवर ऐकणाऱ्याचा चहा निवलेला असायचा. नशिबाने तिचं लग्न ज्यांच्याशी झालं ते माझे बाबा दिवसाकाठी पन्नास शब्द बोलत, आणि त्यातले वीस नुसते "हं" असत. अशी ही चौथीपर्यंत शिकलेली बाई एका दैनिकाची रोजची लेखिका झाली. तिला लेखिका केलं सरकारने. सरकारला ते माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा फारसं आवडलंही नाही.

बाबा संध्याकाळी निघणाऱ्या एका दैनिकात मुख्य जुळारी होते. माझ्या नातवाला जुळारी म्हणजे लग्नं जुळवणारा वाटला. बाबा शिशाचे खिळे जुळवत. एक खिळा म्हणजे एक अक्षर, तेही उलटं. पुढ्यात कप्प्याकप्प्यांची लाकडी पेटी, डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत रचायची पट्टी, आणि उजवा हात न बघता बरोबर हव्या त्या कप्प्यात. उलटी अक्षरं ते सुलट्यापेक्षा भरभर वाचत. जगातल्या सगळ्या गोष्टी ते ओळींत मोजत. एका ओळीत चार शब्द, फार तर पाच. आत्या भांडून गेली तर, "आज चाळीस ओळी झाल्या," एवढंच म्हणत. छापखान्यात त्यांना सगळे मोजपट्टी म्हणत.

आमच्या दोन खोल्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत होत्या. गल्ली एवढी अरुंद, की दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला छत्री मिटावी लागे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि खिळ्यांच्या खोलीची खिडकी अगदी आमनेसामने. ओट्यापाशी उभं राहिलं की बाबांची मान, त्यांचा कानावरचा पेन्सिलीचा तुकडा आणि बोटांवरची शाईसुद्धा दिसायची. आईला हे फार सोयीचं होतं. नवरा कामावर गेला तरी तिचं बोलणं थांबायचं कारण नव्हतं.

मी अकरा वर्षांची होते त्या साली वरून हुकूम आला. छापायच्या आधी प्रत्येक पानाची प्रुफं, म्हणजे कच्चे छाप, तपासणीच्या कचेरीत न्यायची. तिथला तपासनीस वाचणार, नको ते लाल शाईने कापणार, शिक्का मारणार, मगच छापायचं. हा तपासनीस आधी शाळाखात्यात परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायचा. लाल शाई तिथूनच हाताला लागलेली. आम्ही त्याला लालशाईच म्हणायचो. प्रुफं साडेअकराला जायची, साडेबाराच्या सुमाराला परत यायची आणि दोनला मशीन सुरू व्हायला हवं असायचं, कारण चारला अंक रस्त्यावर. पहिल्या दिवशी प्रुफं परत आली ती लाल गोंदण करून आल्यासारखी. पुन्हा लिहायला वेळ कुठला? बाबांनी कापलेल्या ओळींचे खिळे काढून घेतले आणि पान तसंच छापलं. अंकात ठिकठिकाणी पांढरी भोकं. लोकांनी ती भोकं बातम्यांपेक्षा आवडीने वाचली. अंक तासाभरात संपला.

दुसऱ्या दिवशी पहिली ताकीद आली. कोरी जागा ठेवणं म्हणजे कापलं आहे असं ओरडून सांगणं आहे, असं तीत म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात काही चूक नव्हतं. यापुढे एक बोटही जागा कोरी राहता कामा नये. अशा तीन ताकिदी झाल्या, की छापखान्याला टाळं. आत एकोणीस माणसं काम करत होती, आणि बाबांना तर चौदाव्या वर्षापासून खिळ्यांखेरीज दुसरं काही येतच नव्हतं. त्यांचा हात आमच्या घरात एरवी खिळा ठोकायलासुद्धा उपयोगाचा नसे. टाळं लागलं तर आमचं काय होणार, हे मला कोणी सांगितलं नाही, पण आई त्या आठवड्यात दोनदा गप्प बसलेली पाहून मी ते ओळखलं.

भोकं पडणार आणि ती भरायची. भरायला हवा भरीचा मजकूर, निरुपद्रवी, आणि कापल्या तेवढ्याच ओळींचा. तो पुन्हा दाखवून आणायला वेळ नसे, कचेरी तो छापील अंकातच वाचायची. संपादक भला माणूस, पण त्याचं एक वाक्य क्रियापदापर्यंत पोचायला पाऊण तास लागायचा. साठवणीतला मजकूर, म्हणजे हत्तीचं आयुष्य किती आणि समुद्र खारट का, हे चार दिवसांत संपलं. पाचव्या दिवशी पाऊणला बाबा जेवायला बसले ते नुसता भात चिवडत. आठ ओळींचं भोक होतं आणि भरायला काहीच नव्हतं.

आई नेहमीप्रमाणे बोलत होती. मी दोन पेले एकात एक अडकवून ठेवले होते आणि बाबांनी ते सकाळी ओढून पाहिले होते, त्यावर तिचं चाललं होतं. बाबांचा हात ताटातच थांबला.

"आठ," ते म्हणाले.

"काय आठ?"

"ओळी," म्हणाले, आणि जेवण अर्धं टाकून उठले.

संध्याकाळी शेजारच्या काकू अंक घेऊन आल्या. पहिल्या पानावर, नगरपालिकेच्या बातमीच्या मधोमध, 'घरच्या घरी' असं शीर्षक आणि खाली मजकूर: "एकात एक बसलेले पेले सुटत नसतील तर ओढाताण करू नये. आतल्या पेल्यात गार पाणी भरावं आणि बाहेरचा पेला कोमट पाण्यात धरावा. दोन मिनिटांत ते आपोआप सुटतात. रागाने पेले फुटतात, सुटत नाहीत."

"अहो, हे तर माझं आहे!" आई म्हणाली.

"हं."

"मला विचारलंत?"

"घाई होती."

"आणि ते शेवटचं, रागाने फुटतात म्हणून, ते मी तुम्हाला बोलले होते! गावाला नाही!"

"ओळ भरत होती," बाबा म्हणाले.

दोन दिवस आई फुगून बसली. पण काकूंनी तो मजकूर कापून आपल्या फडताळाला चिकटवला, आणि दुधवाल्याने येऊन सांगितलं की त्याच्या घरचे पेले सुटले. मग फुगा आपसूक उतरला. आईने अट घातली, की छापायचं तर मी सांगेन तसं छापायचं, चोरून नाही.

तेव्हापासून रोज दुपारी समोरच्या खिडकीतून मशीनकाकांची हाक यायची. मशीनकाका म्हणजे छपाईयंत्र चालवणारे गृहस्थ. यंत्राच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळ्यांशीच ओरडून बोलत.

"वहिनी, अकरा!"

की आई पदराला हात पुसून खिडकीशी उभी. समोर बाबा स्टिक धरून. ती सांगायची आणि ते कागद न घेता थेट खिळे जुळवायचे. तिला बोटांच्या वेगाने बोलावं लागे. आईला हळू बोलायला लावणारा एकच माणूस या जगात झाला आणि तोही काही न बोलता. शेवटून दुसरी ओळ भरली की बाबा स्टिक गजावर दोनदा वाजवायचे, टक टक. म्हणजे आता आवरतं घे. सुरुवातीला आईला ते जमेना, नाकी नऊ आले. गंजलेल्या सुईपासून निघायची ती मामाच्या लग्नात पोचायची आणि टक टक झालं की सुई तिकडेच राहून जायची. पण पंधरा दिवसांत तिला ओळी अंगवळणी पडल्या. "नऊ म्हणालात ना? मग बटणं. बटणं नवात बसतात," असं सांगून ती बरोबर नवात बटणं बसवायची.

मला त्या वेळी ते मजेशीर वाटायचं. आता वाटतं, की लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बाबा प्रथमच आईचा शब्दन् शब्द ऐकत होते. नुसते ऐकत नव्हते, एकेक अक्षर बोटांनी उचलून जागेवर ठेवत होते. आईच्या गालावर त्या दिवसांत एक तजेला असायचा. तो काही चुलीच्या धगीचा नव्हता.

बाबांचे दोन नेम होते. एक, काय कापलं ते आईला कधी सांगायचं नाही, म्हणजे कोणी विचारलं तर तिला खोटं बोलावं लागणार नाही. दुसरा, आईचं वाक्य मधून तोडायचं नाही. कापणारे दुसरे पुष्कळ आहेत, म्हणायचे.

इकडे गावातली वाचणारी माणसंही काही दूधखुळी नव्हती. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं, की 'घरच्या घरी' जितकं लांब तितकं कापलेलं मोठं, आणि ज्या बातमीच्या पोटात ते असेल तिथलंच कापलेलं. न्हाव्याच्या दुकानात अंक आला की आधी ओळी मोजल्या जायच्या. "आज सतरा ओळी डाग काढलेत. डाग मोठा दिसतोय," असं न्हावी वस्तरा थांबवून म्हणायचा, आणि साबण लावलेली गिऱ्हाइकं मान हलवायची. आख्ख्या अंकात लाल शाई कधी लागली नाही अशी एकच जागा होती, चौथ्या पानावर खाली छत्रीवाल्याची तीन ओळींची जाहिरात. ती चार वर्षं काना-मात्रा न बदलता येत होती, आणि न्हावी म्हणायचा की आता खरी बातमी तेवढीच उरली आहे.

दुसरी ताकीद आईमुळे आली. काही पुढारी मंडळींना पकडून आत टाकलं होतं आणि ती बातमी अर्थातच कापली गेली. नेमकं त्याच जागी आईने सांगितलं होतं गंजलेलं कुलूप कसं उघडावं ते. "तेल घालून वाट पाहावी. कुलूप आज ना उद्या उघडतंच." तिच्या मनात फडताळाचं कुलूप होतं. शपथ घेऊन सांगते, फडताळाचंच. पण न्हाव्याच्या दुकानात लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या आणि लालशाई लाल झाला. ताकिदीत त्याने नवा नियम घातला. भर घरगुतीच असावी. कापल्या तेवढ्याच ओळींची असावी, आणि कापलेल्या जागीच असावी. अंकात इतरत्र घरगुती मजकुराची एकही ओळ दिसली, तर तीच तिसरी ताकीद समजावी.

बाबांनी ती ताकीद खिळ्यांच्या पेटीवर चिकटवली. त्यानंतर आई तोलूनमापून कंगवे, वाती आणि मोजे यांवरच बोलायची. हाक आली की तिच्या कपाळावर आठी पडायची. एकोणीस घरं आपल्या जिभेवर आहेत, म्हणायची, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हाला माहीत आहे.

मग तो मंगळवार आला. आदल्या चार दिवसांपासून गावात पोटाच्या दुखण्याने माणसं आडवी होत होती. शेजारच्या काकूंची सून तीन दिवस अंथरुणाला खिळली होती आणि आई तासातासाला जाऊन तिला पाणी पाजून येत होती. दुपारी हाक आली.

"वहिनी, बारा." पण मशीनकाका आज ओरडले नाहीत. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आईने कंगव्यांना सुरुवात केली. दोन वाक्यं झाली तरी समोरचा हात हलेना. बाबा स्टिक धरून नुसते उभे होते.

"काय झालं?"

बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

"अहो, काय कापलं?"

इतक्या महिन्यांत तिने हे विचारलं नव्हतं. मशीनकाकांनी मान फिरवली. बाबांनी एकदा पेटीवरच्या ताकिदीकडे पाहिलं आणि आपला नेम मोडला.

"पाणी," ते म्हणाले. "टाकीच्या नळात गटार मिसळतंय. बातमीदार डोळ्यांनी बघून आलाय. लोकांत घबराट नको म्हणून कापलं."

आईच्या हातातलं फडकं खाली पडलं. तीन दिवस ती ज्या भांड्यातून काकूंच्या सुनेला पाणी पाजत होती, ते भांडं समोर ओट्यावरच होतं. तिने ते उचललं आणि मोरीत पालथं केलं.

"दोन झाल्यात," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"एकोणीस माणसं आहेत आत."

"माहीत आहे."

"मग?"

"स्टिक धरलीय," बाबा म्हणाले. "बोल."

आई बोलली. कंगव्याचा सूर गेला होता. ती प्रत्येक वाक्य असं सांगत होती की जणू समोर काकूंची सून बसली आहे आणि तिची माफी मागायची आहे. "प्यायचं पाणी नुसतं गाळून भागत नाही. दिसायला स्वच्छ असलेल्या पाण्यावर फार विश्वास ठेवू नये. सध्या घरोघरी सगळ्यांनी पाणी उकळूनच प्यावं. आजारी माणसाला तर उकळल्याशिवाय एक घोटही देऊ नये. शेजारी म्हातारं कोणी एकटं असेल, लेकुरवाळी कोणी असेल, तर त्यांचंही पाणी आपल्याच चुलीवर ठेवावं. आळस करू नये. उद्यावर टाकू नये. आजच, आत्ताच पातेलं चढवावं."

मध्येच टक टक झालं. मला ऐकू आलं, आईला नाही आलं. ती तशीच पुढे बोलली, "उकळी फुटल्यावर दहा मिनिटं ठेवावं," आणि खिडकी लावून काकूंकडे धावली.

चारला अंक रस्त्यावर आला. पहिल्या पानावर, बातमीच्या पोटात, बारा ओळी. साडेचारला न्हाव्याच्या बायकोने पातेलं चढवलं. पाचला गल्लीतल्या प्रत्येक घरातून वाफ निघत होती. लोकांनी ओळी मोजल्या होत्या, जागा पाहिली होती, मजकूर वाचला होता, आणि दोनात दोन मिळवून चार केले होते. आणि साडेपाचला आमच्या खिडकीखाली माणसं जमायला लागली.

"वहिनी, उकळायचं ते किती वेळ?"

"शेवटी लिहिलंय की!"

"शेवटी पातेलं चढवलंय. उतरवलं नाही कुठे!"

आईने अंक हिसकावून घेतला. बारावी ओळ पातेलं चढवण्यावरच संपत होती. बाबा घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"माझी ओळ कुठे गेली?"

"तेरावी होती."

"मग ते आळस करू नये काढायचं! उद्यावर टाकू नये काढायचं!"

"तुझं वाक्य मी मधून तोडत नाही," बाबा म्हणाले, आणि खिशातून दोऱ्याने बांधलेली खिळ्यांची एक ओळ काढून तिच्या हातावर ठेवली. तेरावी ओळ त्यांनी जुळवून ठेवली होती, फक्त तिला जागा नव्हती. आईला रागावावं की रडावं हे कळेना. तिने दोन्ही केलं.

गल्लीला तोंडाने सांगता आलं. गावाला कसं सांगणार? मशीनकाका फिरून आले आणि म्हणाले, की निम्मे लोक वाफ दिसली की पातेलं उतरवतात, आणि बाकीचे सकाळपर्यंत आटवत बसणार आहेत. आणि उद्या तिसरी ताकीद येते की काय, हे कोणालाच विचारवत नव्हतं. संपादकाने आपली पुस्तकं पेटीत भरायला घेतली होती, एवढं समजलं.

सकाळी नऊला लालशाई स्वतः आमच्या घरी आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं होतं राक्षस असेल. हा तर बुटका, घामाघूम, आणि शर्टाच्या बाहीवर लाल शाईचा डाग पडलेला माणूस होता. बाबा मागे भिंतीला टेकून उभे राहिले. आईने पाट न देता खुर्ची दिली, म्हणजे तो पाहुणा नाही हे त्याला कळावं. त्याला ते काही कळलं नाही.

"बारा ओळी मी कापल्या," तो म्हणाला. "त्याच जागी बारा ओळी तुम्ही भरल्या. बाई, यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"कुठे मुरतंय, साहेब?" आईने विचारलं.

तो बोलून गेला होता खरा. त्याने तोंड मिटलं, आणि बॅगेतून ताकिदीचा छापील फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, 'मजकुरातून निघणारा आक्षेपार्ह अर्थ'. त्याने लाल पेनाने लिहायला घेतलं, "सदर मजकुरातून असं सूचित होतं की", आणि पेन थांबलं. की काय? की पाणी खराब आहे. आणि पाणी खराब आहे हे कुठल्याही कागदावर कुठेही लिहायचं नाही, असा हुकूम त्याच्याच कचेरीने आदल्या दिवशी काढला होता.

"लिहा ना," आई म्हणाली. "मला वाचता येतं."

तो लिहीना. त्याने कपाळ पुसलं. आईने सवयीने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने पेला उचलला, उजेडात धरला, आणि खाली ठेवला.

"उकळलेलं आहे?"

मी बाबांकडे पाहिलं. भिंतीला टेकलेली मोजपट्टी हसू दाबत होती.

"आहे," आई म्हणाली.

"किती वेळ?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्या घरी काल भांडण झालं त्यावरून. मी म्हणालो वाफ आली की पुरे. बायको म्हणते अर्धं आटवायचं. दोन मुलं आहेत. तुमच्या मजकुरात ते दिलेलं नाही."

"उकळी फुटल्यावर दहा मिनिटं ठेवावं. बाराच ओळी कापल्यात, साहेब. ही तेरावी होती."

"म्हणजे एकच ओळ राहिली?"

"एकच."

तो पाणी प्यायला. सगळा पेला. मग फॉर्म बॅगेत टाकून उठला आणि दारातून म्हणाला, "निर्णय दुपारी प्रुफांबरोबर कळेल." त्याच्या आवाजावरून बरं की वाईट काही समजेना. तो गेल्यावर आईने पेला तीनदा घासला.

त्या दिवशी साडेबारा वाजता वाजेनात. मी शाळेला दांडी मारली आणि मला कोणी रागावलंही नाही. आई खिडकीशी उभी होती, काकू तिच्या मागे, आणि समोर खिळ्यांच्या खोलीत एकोणीसच्या एकोणीस माणसं दाटीवाटीने उभी. प्रुफं आली. बाबांनी पहिलं पान उलगडलं. लाल रेघ नाही. दुसरं, तिसरं, नाही. ताकिदीचं पाकीट शोधायला मशीनकाकांनी कागद झटकले. पाकीट नव्हतं. मग बाबांनी चौथं पान उघडलं, खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि पान डोळ्यांजवळ नेलं. हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा आयुष्यात कधी वाचताना अडले नव्हते.

छत्रीवाल्याच्या जाहिरातीची तिसरी ओळ, "आमची दुसरी शाखा कुठेही नाही", लाल शाईने कापलेली होती. चार वर्षांत तिला पहिल्यांदा लाल शाई लागली होती. शेजारी शिक्का, आणि मास्तरी अक्षरात शेरा: "आक्षेपार्ह. एक ओळ. भर घरगुती असावी."

मशीनकाकांनी शेरा दोनदा वाचला. मग ते खिडकीशी आले आणि इतक्या जोरात ओरडले, की तिकडे न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला असं नंतर कळलं.

"वहिनी, एक!"

आईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जिला दूध नासलेलं सांगायला अर्धा तास लागायचा, तिला एक ओळ बोलवेना. तिने पदराची गाठ सोडली, त्यातली दोऱ्याने बांधलेली खिळ्यांची ओळ काढली आणि गजांतून हात लांब केला. समोरून बाबांनी हात लांब केला. गल्ली इतकी अरुंद होती हे किती बरं झालं. बाबांनी ती ओळ जागेवर बसवली आणि स्टिक गजावर दोनदा वाजवली. त्याची आता काही गरज नव्हती.

पुढे कधीतरी तो हुकूम उठला, भोकं पडायची थांबली आणि आई पुन्हा पहिल्यासारखी लांब बोलायला लागली. काकूंची सून बरी झाली, तिच्या हातच्या चहाला मी अजून जाते. पण त्या बुधवारचं सांगायचं राहिलं. साडेचारला छत्रीवाला अंक नाचवत आमच्या दारात आला.

"मोजपट्टी कुठे आहे? माझं हसं केलंत! हे बघा काय छापलंय!" आणि त्याने गल्लीभर ऐकू जाईल असं वाचून दाखवलं: "जुन्या छत्र्या दुरुस्त करून मिळतील. काडी, कापड, मूठ बदलून मिळेल. उकळी फुटल्यावर दहा मिनिटं ठेवावं."

आईने त्याला आत बसवला आणि उकळून निववलेलं पाणी दिलं. त्याला वाटलं होतं, उद्यापासून लोक छत्र्या पातेल्यात घालतील. तसं काही झालं नाही. त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरात पातेलं उकळी फुटल्यावर बरोबर दहा मिनिटं चुलीवर राहिलं, आणि छत्री एकानेही उकळली नाही.